रॉबर्ट विल्यम थॉमसन

रॉबर्ट विल्यम थॉमसन (२९ जून १८२२ – ८ मार्च १८७३) हे स्कॉटिश अभियंता व संशोधक होते. हवा भरलेल्या रबरी टायरचे पहिले पेटंट त्यांनी १८४५ मध्ये घेतले. या शोधाचे श्रेय सामान्यतः जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते. परंतु डनलॉप यांचा टायर थॉमसन यांच्या पेटंटनंतर त्रेचाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये आला. रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन, फिरता वाफेचा क्रेन, फाउंटन पेन आणि सुरुंग विजेने पेटविण्याची पद्धत ही त्यांची इतर कामे होत. हलक्या बग्गीच्या चाकात हवा कोंडणाऱ्या थॉमसन यांनी पुढे जड ओझ्यासाठी मात्र हवा सोडून भरीव रबराची निवड केली. त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत विचार करण्याजोगी घटना असून मालवाहू ट्रकच्या टायरचा पुढील इतिहास तिच्याशी जोडलेला आहे.

बालपण आणि शिक्षण

थॉमसन यांचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्टोनहेवन या लहानशा बंदराच्या गावी झाला. वडिलांची लोकरीची गिरणी होती. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. त्यांनी धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. पण लॅटिन भाषा त्यांना काही केल्या साधेना आणि तो मार्ग बंद झाला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे काकांकडे गेले व एका व्यापाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. व्यापारातही मन रमले नाही. दोन वर्षांनी ते परतले.

त्यानंतरचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. गावातील एका विणकराला गणिताचे चांगले ज्ञान होते. त्याच्या मदतीने त्यांनी रसायनशास्त्र, वीज आणि खगोलशास्त्र यांचा अभ्यास केला. लॅटिन न आल्याने अपात्र ठरलेला विद्यार्थी विणकराजवळ गणित शिकून अभियंता झाला, ही गोष्ट शालेय यशापयशाचा हिशेब मांडताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. वडिलांनी त्यांना एक छोटी कार्यशाळा उभारून दिली. सतरा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी आईचे कपडे पिळण्याचे यंत्र असे सुधारले की ओले कपडे त्याच्या रुळांतून दोन्ही दिशांनी जाऊ शकत. पट्टीच्या करवतीचा आराखडा आणि फिरत्या वाफेच्या इंजिनाचा नमुना ही याच काळातील कामे आहेत.

उमेदवारी आणि रेल्वेतील काम

ॲबर्डीन व डंडी येथे उमेदवारी करून थॉमसन ग्लासगोतील आणि नंतर एडिंबरोतील स्थापत्य अभियंत्यांकडे नोकरीला लागले. एडिंबरोत असताना त्यांनी सुरुंग दुरून विजेने पेटविण्याची पद्धत शोधली. तोपर्यंत वात पेटवून पळावे लागे आणि वात लवकर जळाली तर माणूस दगावे. नव्या पद्धतीमुळे खाणींतील जीवितहानी कमी होण्यास मदत झाली. पुढे ते रेल्वेच्या कामावर आले. डोव्हरजवळचे खडूचे कडे सुरुंगाने उडविण्याच्या कामावर त्यांची देखरेख होती. त्यानंतर त्यांनी रेल्वे अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

हवेची चाके

१० डिसेंबर १८४५ रोजी थॉमसन यांना ब्रिटनमध्ये १०९९० क्रमांकाचे पेटंट मिळाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेतही त्यांनी पेटंट घेतले. चाकाच्या परिघावर हवेने फुगविलेला पोकळ पट्टा बसवावा, म्हणजे चाक कितीही फिरले तरी त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये हवेची गादी राहील, अशी ही कल्पना होती. गाडी ओढण्यास लागणारा जोर, तिचे हादरे आणि आवाज हे तिन्ही कमी करणे हा तिचा हेतू होता.

त्या काळचे चाक कसे होते हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनेचे धाडस कळते. युरोपातील बग्गी असो वा खानदेशातील बैलगाडी, लाकडी तुंबा, आरे आणि त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव अशीच चाकाची घडण असे. धाव चाकाला घट्ट आवळून धरी आणि झिजू देत नसे. परंतु वाटेतला प्रत्येक दगड ती थेट आखापर्यंत पोहोचवी. मऊ वस्तू चाकाबाहेर लावली तर ती टिकणार नाही, असा सुतार-लोहारांचा अनुभव होता. थॉमसन यांनी नेमकी मऊ वस्तूच बाहेर लावली.

त्यांच्या टायरची आतील नळी रबराचा लेप दिलेल्या कॅनव्हासची होती. तिच्यावर कातड्याचे जाड आवरण असून ते चाकाला बोल्टने पक्के केलेले असे. एका लहान नळीतून पंपाने हवा भरून तोंड स्क्रूने बंद केले जाई. नळी आणि तिला सांभाळणारे बाहेरचे आवरण हे दोन भाग वेगळे ठेवणे ही या रचनेतील खरी दूरदृष्टी होय. हवा धरून ठेवणे हे नळीचे काम आणि हवेचा ताण सोसणे हे आवरणाचे. ट्यूब आणि टायर ही जोडी पुढे याच वाटणीवर उभी राहिली.

मार्च १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाके लावून प्रात्यक्षिक झाले. लोखंडी धावेच्या गाडीचा खडखडाट ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना ही गाडी जवळजवळ निःशब्द वाटली. थॉमसन यांनी गाडी ओढण्यास लागणारा जोर मोजूनही पाहिला. चांगल्या खडीच्या सपाट रस्त्यावर तो सुमारे ३८ टक्क्यांनी आणि नुकत्याच पसरलेल्या फोडीव खडीवर सुमारे ६८ टक्क्यांनी कमी भरला. रस्ता जितका वाईट, तितका हवेच्या चाकाचा लाभ अधिक, हा निष्कर्ष या आकड्यांतून निघतो. दगडावर चढताना लोखंडी चाकाला अख्खी गाडी उचलावी लागते. हवेचे चाक दगडाला आपल्यात सामावून घेते आणि गाडी आपल्या पातळीवर चालत राहते. या चाकांचा एक संच बग्गीवर सुमारे १,२०० मैल चालला.

इतके असूनही हा शोध बाजारात टिकला नाही. पुरेसे पातळ व एकसारखे रबर मिळणे दुरापास्त होते. हाताने शिवलेली कातडी आवरणे महाग पडत. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची व्हल्कनायझेशनची प्रक्रिया तेव्हा नुकतीच व्यवहारात येत होती. याहून मोठे कारण म्हणजे गिऱ्हाईकच नव्हते. सायकल अजून घरोघरी पोहोचायची होती, मोटार जन्मायची होती, आणि घोडागाडीच्या मालकाला घोड्याचे श्रम वाचावेत म्हणून एवढा खर्च करणे परवडत नव्हते. थॉमसन यांनी हा नाद सोडून दिला. १८४९ मध्ये त्यांनी फाउंटन पेनचे पेटंट घेतले.

जावा बेटावरील वास्तव्य

१८५२ मध्ये थॉमसन डच अमलाखालील जावा बेटावर साखरेच्या व्यवसायात गेले आणि दहा वर्षे तेथे राहिले. साखर तयार करण्याच्या यंत्रांत त्यांनी बऱ्याच सुधारणा केल्या. एका जागेवरून दुसरीकडे नेता येईल असा वाफेचा क्रेन त्यांनी येथेच बनविला, पण त्याचे पेटंट घेतले नाही. क्लारा हर्ट्झ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे व दोन मुली झाल्या. प्रकृती बिघडल्याने १८६२ मध्ये ते एडिंबरोला परतले.

ऊसमळ्यांच्या प्रदेशातील दहा वर्षांनी त्यांना एका नव्या प्रश्नाकडे वळविले. शेतातून कारखान्यापर्यंत ऊस वाहून नेण्यासाठी मऊ जमिनीवर चालणारे जड यंत्र कसे बनवावे, हा तो प्रश्न. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला त्याची निकड वेगळी सांगायला नको.

वाफेची रस्तागाडी आणि भरीव रबर

वाफेवर चालणारी ओढगाडी त्या काळी ब्रिटनमध्ये नवी नव्हती. तिची लोखंडी चाके मात्र दोन्ही बाजूंनी अडचणीची होती. कठीण रस्त्यावर ती घसरत आणि खडीचा चुरा करीत. मऊ जमिनीत ती रुतून बसत. पकड मिळावी म्हणून चाकांना दाते लावले तर रस्ता उखडला जाई. पकड वाढविण्यासाठी यंत्र जड करावे आणि जड यंत्रामुळे रस्ता मोडावा, अशा फेऱ्यात हे तंत्र अडकले होते.

१८६७ मध्ये थॉमसन यांनी भरीव रबराच्या टायरचे पेटंट घेतले आणि तीन चाकांची आपली रस्तागाडी बनविली. तिच्या चाकांवर सुमारे १२ इंच रुंद आणि ५ इंच जाड रबराचे कडे चढविलेले होते. ओझ्याखाली रबर चपटे होई आणि चाकाचा जमिनीला टेकणारा भाग रुंदावे. त्यामुळे जमिनीच्या दर चौरस इंचावर येणारा भार घटे. उंटाचा पसरट तळवा वाळूत रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार. ही गाडी मऊ शेतातून न रुतता गेली आणि सैल खडीवरून ती खडी न चिरडता गेली. एडिंबरोजवळच्या एका खाणीतून चढाच्या रस्त्याने तिने भरलेल्या वाघिणींची माळ ओढून दाखविली. रबर झिजू नये म्हणून पुढे त्यावर पोलादी पट्ट्यांची साखळी बसविण्यात आली. लीथ येथील टेनंट यांच्या कारखान्यात आणि नंतर इंग्लंडमधील काही कारखान्यांतही या गाड्या तयार होऊ लागल्या व परदेशी रवाना झाल्या.

हवेच्या टायरचा जनक येथे हवेकडे का वळला नाही? या प्रश्नाचे उत्तर भाराच्या हिशेबात आहे.

भार आणि हवेचा दाब

टायरचे रबर गाडीचे ओझे फारसे उचलत नाही. ते उचलते आत कोंडलेली हवा. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो, त्या क्षेत्राला हवेच्या दाबाने गुणले म्हणजे टायरने पेललेला भार साधारणतः मिळतो. आवरणाच्या ताठपणाचा वाटा त्यात थोडा असतो. भार वाढला आणि दाब तोच राहिला, तर टायर अधिक चपटा होऊन टेकण्याचे क्षेत्र वाढविण्यावाचून गत्यंतर नसते.

आजच्या ट्रकवरून हे स्पष्ट होईल. भारतात २०१८ पासून दोन आखांच्या ट्रकच्या पुढील आखावर ७ टन आणि चार टायर असलेल्या मागील आखावर ११.५ टन इतक्या कमाल भाराला परवानगी आहे. भडगाव, पाचोरा किंवा रावेर येथून केळी भरून उत्तरेकडे निघालेला असा ट्रक पूर्ण भाराचा असेल, तर मागच्या प्रत्येक टायरवर २,८७५ किलो, म्हणजे सुमारे ६,३४० पौंड येतात. टायरमध्ये दर चौरस इंचाला १०० पौंड दाब असेल तर तो सुमारे ६३ चौरस इंच जागेवर, म्हणजे आठ इंच लांब-रुंद चौकोनाएवढ्या जागेवर टेकतो. हवा ७० पौंडांवर उतरली तर तीच जागा सुमारे ९० चौरस इंच होते. टायरच्या बाजू दर फेऱ्याला तेवढ्या अधिक वाकतात, वाकण्याने तापतात, आणि उन्हाळ्यात खानदेशातील डांबर आधीच तापलेले असताना आवरणाचे थर सुटून टायर फुटतो. पुढे दोनच टायर असल्याने प्रत्येकावर ३.५ टन येतात. मागे ओझे जास्त म्हणून मागचेच टायर अधिक दमतात हा समज त्यामुळे नेहमी खरा नसतो. जोडटायरांपैकी आतल्या टायरची हवा तपासण्याचा कंटाळा केला जातो. तो मऊ पडला की त्याचा वाटा शेजारच्या टायरवर जातो आणि वरून काहीच दिसत नाही.

म्हणून योग्य दाब अंदाजाने ठरत नाही. वजनकाट्यावर प्रत्येक आखाचा भार पाहावा, तो टायरांच्या संख्येने भागावा आणि टायर बनविणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात त्या मापाच्या टायरला त्या भारासाठी दिलेला दाब ठेवावा. एकेरी आणि जोड टायरांसाठी तक्त्यातील आकडे वेगळे असतात. टायरच्या बाजूवर छापलेला भार हा कमाल असतो आणि तो शेजारी दिलेल्या दाबालाच लागू असतो. हवा टायर थंड असताना, शक्यतो पहाटे निघण्यापूर्वी मोजावी. धावल्यावर दाब दहा-पंधरा टक्क्यांनी चढतो. तो पाहून हवा सोडणे ही नेहमीची चूक आहे, कारण टायर थंड होताच तो कमी दाबाचा ठरतो. गरजेपेक्षा जास्त हवाही अपायकारक असते. टायर मधोमध झिजतो, पकड कमी होते आणि हादरे मालाला लागतात. केळीच्या घडांच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नव्हे.

थॉमसन यांच्या बग्गीच्या एका चाकावर फार तर दीडशे-दोनशे किलो भार होता. त्याला थोडा दाब पुरे, आणि रबर दिलेल्या कॅनव्हासची नळी व शिवलेले कातडे तेवढा ताण सोसत. कित्येक टनांच्या रस्तागाडीसाठी दाब अनेक पटींनी वाढवावा लागला असता. तो सोसणारे आवरण, तो धरून ठेवणारी झडप आणि तो भरणारा सोयीचा पंप, यांपैकी काहीच त्या काळी उपलब्ध नव्हते. जाड भरीव रबर हवेइतके चपळ नसले तरी फुटत नव्हते. म्हणून त्यांची १८६७ मधील निवड ही माघार वाटली तरी ती उपलब्ध साधनांचा अचूक अंदाज घेऊन केलेली होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

भारतातील प्रयोग

थॉमसन यांच्या रस्तागाडीचा भारताशी थेट संबंध आला. रूकस एव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा तरुण लष्करी अधिकारी तेव्हा पंजाबात नेमणुकीस होता. ग्रँड ट्रंक रस्त्यावरील मालवाहतूक बैलगाड्यांच्या तांड्यांवर चालत असे. तिच्या जागी वाफेच्या गाड्या आणाव्यात, असा त्याचा आग्रह होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी त्याला पाठिंबा दिला. थॉमसन यांच्या पद्धतीची इंजिने मागविण्यात आली आणि त्यांना पंजाबातील नद्यांची नावे देण्यात आली. त्यांपैकी चिनाब नावाचे इंजिन १८७१ मध्ये इंग्लंडमधील इप्सविचहून एडिंबरोपर्यंत रस्त्याने नेऊन पुन्हा परत आणले गेले. त्या काळच्या रस्त्यांवर हा मोठाच प्रवास होता. पुढे ही इंजिने रावळपिंडीच्या परिसरात मालाच्या गाड्या ओढू लागली. मात्र रेल्वेचे जाळे पसरत गेले आणि सरकारी वाफगाडीचा हा उपक्रम दीर्घकाळ टिकला नाही. क्रॉम्प्टन पुढे वीजक्षेत्रातील नामवंत अभियंता झाला. पंख्यांवर आणि पंपांवर वाचले जाणारे क्रॉम्प्टन हे नाव त्याचेच.

अखेरची वर्षे

जावाहून आणलेले आजारपण थॉमसन यांना सोडून गेले नाही. अखेरच्या काळात हिंडणेफिरणे जवळजवळ थांबले, तरी आराखडे आणि पेटंट यांचे काम ते करीतच राहिले. ८ मार्च १८७३ रोजी एडिंबरो येथे मोरे प्लेस या भागातील राहत्या घरी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लवचीक पट्टे, आसने व गाद्या यांविषयीचे त्यांचे शेवटचे पेटंट पत्नीने त्यांच्या मृत्यूनंतर दाखल केले.

मृत्यूनंतर

१८८८ मध्ये बेलफास्ट येथे पशुवैद्याचा व्यवसाय करणाऱ्या डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या प्रयोगांवरून हवेच्या टायरचे पेटंट घेतले. थॉमसन यांच्या कामाची त्यांना माहिती नव्हती. सायकलींच्या शर्यतींत या टायरने लौकिक मिळविला आणि त्यावर कंपनी उभी राहिली. परंतु १८९० मध्ये थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉप यांचे मुख्य पेटंट रद्दबातल ठरले. कंपनी तरली ती झडप आणि टायर रिमवर बसविण्याची पद्धत यांविषयीच्या दुसऱ्यांच्या पेटंटांमुळे. तोपर्यंत थॉमसन यांच्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली होती, त्यामुळे त्यांच्या वारसांना या निकालाचा काही आर्थिक लाभ झाला नाही. नाव डनलॉप यांचेच राहिले. यात डनलॉप यांचा दोष नाही. त्यांनी शोध स्वतंत्रपणे लावला आणि त्यांच्या काळी सायकलीच्या रूपाने गिऱ्हाईक तयार होते.

जड वाहनांना हवा मिळण्यास आणखी एक पिढी जावी लागली. पहिल्या महायुद्धातील बहुतेक लष्करी ट्रक भरीव रबरावरच चालले. १९१७ मध्ये अमेरिकेतील गुडइयर कंपनीने हवेच्या टायरचा ट्रक ॲक्रन ते बॉस्टन असा चालवून दाखविला. सुताच्या विणलेल्या कापडाऐवजी समांतर दोऱ्यांचे थर, आणि पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील मिशलॅ कंपनीने आणलेली पोलादी तारांची घडण, यांमुळे आवरण उच्च दाब सोसू लागले. बैलगाडीनेही महाराष्ट्रात पुढे लाकडी चाक सोडून टायर स्वीकारला.

स्मृती

स्टोनहेवन येथे १९२२ मध्ये, थॉमसन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, स्मृतिफलक बसविण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ या गावी जूनमध्ये जुन्या मोटारींचा मेळावा भरतो आणि त्यात हवेच्या टायरवर धावणाऱ्या गाड्यांबरोबर वाफेची जुनी यंत्रेही आणली जातात.